थंडीने माणूस जातो का? हिवाळा आणि घरातली म्हातारी माणसं

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे निफाड तालुक्यातल्या एका गावचे आहेत. म्हणतात, दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंत गावात म्हाताऱ्या माणसांच्या जाण्याची रांगच लागते. मागच्या पौषात यांची आजी गेली, वय ८१, सर्टिफिकेटवर हार्ट फेल लिहिलंय पण गावात सगळे म्हणतात थंडी बाधली. तर खरंच थंडीने माणूस जातो का, की वय झालेलं असतं आणि आपण उगाच थंडीच्या नावावर घालतो? आणि दुसरं म्हणजे वडील ६९ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, मळ्यात पत्र्याच्या घरात राहतात, यंदा त्यांची काय काळजी घ्यायची.

आजींचं ऐकून वाईट वाटलं. मी तुमच्याच जिल्ह्यात फिजिशियन आहे, २६ वर्षं झाली प्रॅक्टिसला, त्यामुळे हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, बहुतेक वेळा दहावं झाल्यावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आहे हो. थंडीत म्हातारी माणसं जास्त जातात आणि हा नुसता गावाचा समज नाही, जगभर मोजून झालेली गोष्ट आहे. पण अंग गारठून, बर्फासारखं होऊन जाणारी माणसं फार थोडी. बाकीची जातात ती हार्टअटॅकने, पॅरॅलिसिसने, न्यूमोनियाने, वाढलेल्या दम्याने, त्यामुळे सर्टिफिकेटवर तेच लिहिलं जातं, थंडीचं नाव कुठेच येत नाही. म्हणजे तुमच्या गावाचंही बरोबर असू शकतं आणि सर्टिफिकेटचंही.

हा फरक केवढा मोठा आहे ते बघा. सरकारी नोंदीत, म्हणजे गुन्हे नोंदणी ब्युरोच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात, २०२२ साली सबंध देशात थंडीने गेलेली माणसं ७२०. एवढ्या मोठ्या देशात ७२०. ही बहुतेक उघड्यावर झोपलेली, रस्त्यावरची, गारठून गेलेली माणसं. पण २०१५ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, १३ देशांतली ३८४ ठिकाणं, जवळजवळ ७ कोटी ४० लाख मृत्यू, आणि प्रत्येक ठिकाणचं रोजचं तापमान आणि त्या दिवसाचे मृत्यू जोडून बघितलेले. त्यात निघालं की एकूण मृत्यूंपैकी साधारण ७.३ टक्के मृत्यू थंडीशी जोडलेले होते आणि उष्णतेशी जेमतेम ०.४ टक्के. आपल्याला उन्हाळ्याची भीती जास्त वाटते कारण उष्माघात डोळ्यांना दिसतो. थंडीचं काम गुपचूप चालतं.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. थंडीच्या खात्यातले बहुतेक मृत्यू कडाक्याच्या दिवसांत झालेले नव्हते, साध्या, नेहमीच्या, "आज जरा गारवा आहे" म्हणतो तसल्या दिवसांत झालेले होते. कारण सोपं आहे, कडाक्याचे दिवस वर्षात मोजून चार-सहा आणि गारव्याचे दिवस शंभराच्या वर. भारतातल्या मृत्यूंच्या नोंदींवर २०१८ मध्ये वेगळा अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं, अति थंडीपेक्षा मध्यम थंडीचा वाटा कितीतरी पट मोठा. हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं, तर किमान तापमान १० किंवा त्याखाली गेलं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं तर, किंवा सरळ ४ अंशांवर आलं तर. पेपरात "निफाडचा पारा घसरला" अशी बातमी आली की लोक सावध होतात, आईवडिलांना फोन करतात. पण बातमी न येणाऱ्या बारा-तेरा अंशांच्या पहाटेसुद्धा आजोबांचं बीपी वर गेलेलं असतं, त्या दिवशी फोन कोणी करत नाही.

आता तुम्ही म्हणाल की आपल्याकडे थंडी ती काय, खरी थंडी युरोपात, रशियात. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. १९९७ मध्ये युरोपातल्या वेगवेगळ्या भागांची तुलना झाली होती. १८ अंशांच्या खाली तापमान एकेक अंश उतरलं की मृत्यू किती वाढतात, तर दक्षिण फिनलंडमध्ये ०.२७ टक्के आणि अथेन्समध्ये २.१५ टक्के. अथेन्स म्हणजे ग्रीस, ऊबदार देश, तिथे फिनलंडच्या आठपट. का? तर बाहेर ७ अंश असताना फिनलंडमध्ये बैठकीची खोली सरासरी २१.७ अंश, अथेन्समध्ये १९.२. आणि तेवढ्याच थंडीत बाहेर पडताना डोक्यावर टोपी घालणारी माणसं फिनलंडमध्ये ७२ टक्के, अथेन्समध्ये फक्त १३. सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात तर उणे ४८ पर्यंत तापमान उतरूनही मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, तिथली घरं तापवलेली असतात आणि माणसं बाहेर पडताना किलोकिलोने कपडे घालतात. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये, जिथे थंडी त्या मानाने मध्यम आहे, तिथे २०१७-१८ च्या एका हिवाळ्यात इतर महिन्यांच्या मानाने सुमारे ५०,१०० मृत्यू जास्त झाले, त्यातले बहुतेक म्हाताऱ्या लोकांचे आणि त्यात त्या वर्षीच्या फ्लूचा हातही मोठा होता.

म्हणजे थंडी किती पडली यापेक्षा माणसाला किती लागली हे बघायचं. आणि आपण नाशिककर या बाबतीत फिनलंडचे नाही, अथेन्सचे भाऊबंद आहोत. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, हवा खेळती राहावी म्हणून. पत्रा रात्री बाहेरच्याइतकाच गार होतो. फरशी गार, मोरी गार, संडास अंगणापलीकडे. मी कितीतरी घरी व्हिजिटला जाऊन बघितलंय, हॉलमध्ये नवं फर्निचर, आणि आजोबांची खाट पडवीत, कारण रात्री खोकतात, चारदा उठतात, बाकीच्यांची झोप मोडते. कोणी वाईट हेतूने करत नाही. आजोबाच म्हणतात मला इथेच बरं वाटतं.

शरीरात काय होतं ते सांगतो, कारण एकदा ते डोक्यात बसलं की काय करायचं ते आपोआप कळतं. गार हवा अंगाला लागली की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ऊब आत राखायची म्हणून. ते रक्त आत सरकतं, बीपी वर जातं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. फ्रान्समध्ये ६५ च्या पुढच्या लोकांचं बीपी वेगवेगळ्या ऋतूंत मोजलं तेव्हा सगळ्यात थंड आणि सगळ्यात उबदार दिवसांत वरच्या आकड्यात सरासरी ८ चा फरक निघाला. ८ थोडे वाटतील, पण ज्याचं आधीच १५५ आहे आणि मेंदूतली शीर जुन्या पाइपासारखी झालीये त्याला हे थोडे नाहीत. पुढे, आत रक्त जास्त झालंय असं शरीराला वाटतं म्हणून किडनी लघवीवाटे पाणी बाहेर टाकते, थंडीत सारखं लघवीला का होतं त्याचं हे उत्तर. त्याने रक्त घट्ट होतं. त्यात थंडीत तहान लागत नाही म्हणून माणूस पाणीही कमी पितो, आणि रात्री उठायला नको म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम अजून कमी पितात. घट्ट रक्त, आकसलेल्या नळ्या, चढलेलं बीपी, यात गुठळी व्हायला वेळ लागत नाही. हे प्रयोगात मोजलेलं आहे, १९८४ मध्ये निरोगी माणसांना सहा तास नुसत्या गार हवेत ठेवलं, म्हणजे गारठवलं नाही, फक्त कातडी गार पडली, तेवढ्यात त्यांचं रक्त घट्ट झालं, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, वाढल्या आणि बीपीही वाढलं.

फुप्फुसाची गोष्ट वेगळी आणि सावकाश चालणारी. गार कोरडी हवा श्वासनलिका आवळते, कफ बाहेर ढकलणारी यंत्रणा मंदावते, सगळे दारं-खिडक्या लावून एका खोलीत बसतात त्यामुळे एकाची सर्दी सगळ्यांना होते, नातवाची सर्दी आजीच्या छातीत उतरते. वरून धूर, कारण हिवाळ्यात हवा जड होऊन खाली बसते, चुलीचा आणि शेकोटीचा धूर वर निघून जात नाही.

म्हणून वेळेचा हिशेब असा आहे: थंडी वाढली की हार्टचे पेशंट दोनतीन दिवसांत यायला लागतात आणि न्यूमोनिया, दम्याचे साधारण दहाबारा दिवसांनी. तोपर्यंत हवा पुन्हा उबदार झालेली असते, स्वेटर कपाटात गेलेले असतात, आणि घरचे म्हणतात "आता तर थंडी कमी झाली होती डॉक्टर." थंडी कमी झालेली असते, पण आधीच्या थंडीचं बिल आता आलेलं असतं. माझ्याकडे संक्रांतीनंतरचा आठवडा दरवर्षी जड जातो, सिस्टरांना मी ऑक्सिजनचे सिलेंडर आधीच भरून ठेवायला सांगतो.

आणि म्हातारपणीच हे का, तर वय झालं की थंडी वाजते हेच कळत नाही. तरुणाला हुडहुडी भरते, तो उठून पांघरूण घेतो. ऐंशीच्या माणसाला कातडीकडून निरोपच उशिरा जातो, स्नायू कमी असल्यामुळे कुडकुडूनही ऊब तयार होत नाही. शुगरमुळे पाय बधिर झालेले असतील तर पाय बर्फ झालेत हेही समजत नाही. थायरॉइड, काही झोपेच्या गोळ्या, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या यांचाही थोडा हात असतो. म्हणून "त्यांना विचारलं, ते म्हणाले नाही वाजत थंडी" यावर विश्वास ठेवू नका. हात लावून बघा. तळहात नाही, पोट किंवा पाठ, कपड्याच्या आत हात घालून. पोट गार लागलं तर माणूस गार पडलाय.

यावरून एक आजी आठवतात. चांदवडकडच्या, वय ८० च्या पुढे, एकट्याच राहायच्या, मुलगा पुण्याला. शेजारीण घेऊन आली, म्हणाली दोन दिवस झाले आजी गप्प गप्प आहेत, शब्द ओढून बोलतात, ताप बघितला तर ताप नाही, थर्मामीटरचा पारा जागचा हललाच नाही. खरी खूण तीच होती. आपला घरचा काचेचा थर्मामीटर ३५ अंश सेल्सिअसपासून म्हणजे फॅरनहाइटच्या ९४-९५ पासून सुरू होतो, त्याच्या खाली शरीर गेलं तर त्यात दिसतच नाही. आजींचं अंग त्याच्याही खाली गेलं होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, त्या वर्षी कुठल्याही पेपरात लाटेची बातमी नव्हती. आजींच्या अंगावर एक सुती लुगडं आणि विरलेली वाकळ. ट्रंकेत मुलाने पाठवलेली दोन नवीकोरी ब्लँकेटं घडी घालून ठेवलेली, पाहुणे आले तर म्हणून. त्या वाचल्या. हळूहळू ऊब दिली, सलाइन दिलं, पाच दिवसांनी घरी गेल्या. पण शेजारीण एक दिवस उशिरा आली असती तर सर्टिफिकेटवर काय लिहिलं गेलं असतं? वृद्धापकाळ.

आता मोकळेपणाने सांगायचं तर सगळंच थंडीच्या माथी मारता येत नाही. एका माणसाच्या बाबतीत "हा थंडीने गेला" असं छातीठोक सांगता येत नाही, हजारो मृत्यू एकत्र बघितले तरच कल दिसतो. आजींचं हृदय आधीच किती दमलेलं होतं, आदल्या आठवड्यात त्यांना सर्दी-ताप झाला होता का, गोळ्या चालू होत्या की संपल्या होत्या, यावर खूप अवलंबून आहे. फ्लू होऊन गेल्यावर पहिल्या आठवड्यात हार्टअटॅकचा धोका साधारण सहापट होतो असं २०१८ च्या कॅनडातल्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे कारण थंडी की फ्लू की दोन्ही, वेगळं काढणं अवघड. गावात एका महिन्यात चार माणसं गेली तर तो योगायोगही असू शकतो, गाव लहान असतं. आणि "आज ना उद्या जाणारच होती" हेही पूर्ण खरं नाही. थंडीच्या मृत्यूंनंतर पुढच्या आठवड्यांत मृत्यू तेवढे कमी झालेले दिसत नाहीत, म्हणजे यातली बरीच माणसं नुसती चार दिवस आधी गेलेली नसतात, त्यांना अजून आयुष्य होतं. हे वाचून तुमच्या मनात आलं असेल की मग आम्ही कमी पडलो. तसं मनात आणू नका, हे कोणी तुम्हाला सांगितलेलंच नव्हतं. पण वडिलांच्या बाबतीत आता माहीत आहे.

तर वडिलांचं. तुमच्याकडे द्राक्षबाग असेल तर तुम्हाला हे लगेच पटेल. पारा पाच-सहावर आला की आपण काय करतो? रात्री दोनला उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतो, धूर धरतो, पहाटे ड्रिपने पाणी सोडतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. थर्मामीटर बागेत टांगलेला असतो. माझं दरवर्षी सगळ्या बागाईतदारांना एकच सांगणं असतं की तसलाच एक थर्मामीटर वडिलांच्या खाटेपाशी टांगा. दीडदोनशे रुपयांना मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की घरात किमान १८ अंश असावेत. पत्र्याच्या घरात पहाटे पाच वाजता आकडा बघा, मला वाटतं तुम्ही दचकाल. रोज १८ करणं आपल्या घरांत जमत नाही हे मला माहीत आहे, पण आकडा दिसला की माणूस हलतो.

खोली बदलता आली तर पहिलं ते करा. घरात जी खोली आतली आहे, जिच्या भिंती विटांच्या आहेत, जिला दुपारचं ऊन लागतं, ती चार महिने त्यांची. तेवढं शक्य नसेल तर पत्र्याखाली आतून थर्माकोल किंवा जुन्या ताडपत्रीचं छत बांधा, दाराखालची फट गोणपाटाने बुजवा. खाट भिंतीपासून वीतभर लांब, आणि खाटेवर खाली पण जाड गोधडी, लोक वरून तीन पांघरुणं घालतात आणि खालून नवारीच्या खाटेतून गार हवा येत राहते. कपडे एक जाड घालण्यापेक्षा दोनतीन पातळ, एकावर एक. कानटोपी आणि पायमोजे रात्री झोपतानासुद्धा. डोकं आणि कान उघडे ठेवून छातीवर स्वेटर घालणं म्हणजे दार उघडं ठेवून खिडकी लावणं.

शेकोटी, शेगडी याबद्दल फार कळकळीने सांगतो. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही, कधीच नाही, दहा मिनिटं पण नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो, आणि दर हिवाळ्यात कुठे ना कुठे असं सबंध कुटुंब गेल्याची बातमी येते. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, खिडकी उघडी पाहिजे आणि सिलेंडर-गिझर बाहेर असेल तर उत्तम. शेकायचं असेल तर अंगणात शेका, धुराच्या उलट्या बाजूला बसून, आणि दमा असेल तर शेकोटी नकोच. गरम पाण्याची पिशवी चालेल पण वडिलांना शुगर आहे, पायाला डायरेक्ट लावायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून अंथरुणात आधी ठेवायची आणि झोपायच्या वेळी काढून घ्यायची. शुगरवाल्यांचे भाजलेले पाय मी दर हिवाळ्यात बघतो, त्यांना चटका कळतच नाही.

सकाळची वेळ सगळ्यात नाजूक. तसंही हार्टअटॅक सकाळी सहा ते दुपारपर्यंत जास्त येतात, आणि हिवाळ्यात आपण त्याच वेळी सगळं करतो. ऊबदार गोधडीतून एकदम उठून अंगणापलीकडच्या संडासात, तिथे जोर करून बसणं, मग उघड्या मोरीत आंघोळ, मग ओल्या अंगाने देवपूजा. कार्तिकात तर काकड आरतीला पहाटे चारला गार पाण्याने आंघोळ करून देवळात जाणारी मंडळी आहेत. माझी त्यांच्या श्रद्धेला हरकत नाही, माझे वडीलही जायचे. त्यांना मी एवढंच पटवलं होतं की अण्णा, आदल्या संध्याकाळी कोमट पाण्याने आंघोळ करा आणि सकाळी हातपाय धुऊन, कानटोपी घालून जा, विठोबा समजून घेईल. ते ऐकायचे. तुमच्या वडिलांनाही उठल्या उठल्या पाच मिनिटं अंथरुणात बसून राहायला सांगा, हातपाय हलवून, स्वेटर आणि चपला घालून मग उठायचं. आंघोळ अकरा-बारा वाजता, ऊन असताना. बंबाचं पाणी कडकडीत नको, आधी पायावर, मग अंगावर, डोक्यावर एकदम ओतायचं नाही. जपानमध्ये हिवाळ्यात गार न्हाणीघरातून एकदम कढत पाण्याच्या टबात उतरून दरवर्षी हजारो म्हातारी माणसं जातात, तिथे त्याला वेगळं नावच पडलंय. फिरायला जायचं तर ऊन अंगावर आल्यावर, पहाटे पाचला नाही. आणि रात्रीची लाईट असली की कांद्याला पाणी भरायला ६९ वर्षांचा माणूस ओल्या पायांनी वाफ्यात उभा राहतो हे मी बघतो तेव्हा मला राग येतो, त्यांच्यावर नाही, दिवसा वीज न देणाऱ्या व्यवस्थेवर. पण तोवर पाणी भरायला तुम्ही जा, नाहीतर माणूस लावा, वडिलांना नाही.

गोळ्यांचं. दिवाळीच्या आसपास एकदा बीपी आणि शुगर दाखवून घ्या, डोस वाढवायचा का ते डॉक्टर ठरवतील. माझ्या बऱ्याच पेशंटांचा हिवाळ्याचा डोस आणि उन्हाळ्याचा डोस वेगळा असतो. ज्यांचा हिवाळ्यात वाढवला त्यांचा मार्चमध्ये परत बघायचा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात बीपी खाली जाऊन चक्कर येऊन पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. स्वतः वाढवायचा नाही, स्वतः बंद पण करायचा नाही. आणि दोन गोष्टी मेडिकलवरून न विचारता घेऊ नका. एक, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, त्यातल्या बऱ्याच बीपी चढवतात. दुसरं, गुडघेदुखीच्या गोळ्या. थंडीत सांधे धरतात म्हणून लोक दोन-दोन महिने रोज खातात, त्यांनी अंगात पाणी साठतं, बीपी वाढतं, किडनीवर येतं, आणि हृदय कमजोर असेल तर दम लागून माणूस ॲडमिट होतो. माझ्याकडे हिवाळ्यात हार्ट फेल होऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, गुडघ्याची गोळी चालू आहे का. खूपदा हो असतं. आजींची चालू होती का, आठवून बघा.

फ्लूची लस वर्षातून एकदा आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून नक्की द्या. आपल्या महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यातही जोरात असतो आणि थंडीतही, त्यामुळे पावसाच्या आधी घेतली तर उत्तम, राहून गेली असेल तर आता घ्या.

खाण्याचं फार लांबवत नाही. बाजरीची भाकरी, तीळ, गरम आमटी, भोगीची भाजी, सगळं छान आहे, आपल्या लोकांनी ऋतू ओळखूनच लावून दिलंय. शुगर आहे म्हणून डिंकाचे लाडू मोजून, लोणचं-पापड कमी कारण मीठ. पाणी कोमट करून दिवसभर थोडं थोडं, संध्याकाळी सहापर्यंत जास्त आणि नंतर कमी, म्हणजे रात्री उठावंही लागणार नाही. आणि थंडीला म्हणून दोन घोट घेतले तर ऊब येते हा गैरसमज घरात कोणाचा असेल तर काढा. दारूने कातडीच्या नळ्या उघडतात, वरून गरम वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते.

शेवटी धोक्याच्या खुणा, या तुमच्या आईला पण समजावून ठेवा. शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसाला अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. अचानक दम लागणं, गार घाम, मळमळ, जबडा किंवा खांदा भरून येणं, नेहमीच्या चालण्यात एकदम थकवा. "गॅस झालाय" म्हणून सोडा प्यायला देऊन रात्र काढू नका. माझ्या एका जुन्या पेशंटला एका ठिकाणी गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं, ईसीजी काढलाच नव्हता, सकाळपर्यंत फार उशीर झाला, ते मला अजून डाचतं. म्हणून ईसीजी मागून घ्या, लाजू नका. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय तर पॅरॅलिसिस, त्यात साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, म्हणून तेल चोळत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्यायचं. आणि माणूस गप्प पडला, गुंगीत बोलतोय, पोट गार लागतंय, कुडकुडणंही थांबलंय तर गारठलाय. ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, छाती-पोटाला ऊब द्या, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय, हातपाय जोरात चोळायचे नाहीत, आगीजवळ न्यायचं नाही, आणि लगेच दवाखाना. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं समजू नका, ती उलटी खूण आहे.

तुम्ही स्वतः नाशिकला किंवा पुण्याला राहत असाल तर रोज सकाळी आठला एक फोन. "कसे आहात" विचारलं की "बरंय" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, रात्री किती वेळा उठलात, पायमोजे घातले होते का, खाटेपाशी थर्मामीटरवर किती आहे, सकाळचं बीपी किती आलं.

आता एक काम करा. उद्यापासून आठ दिवस वडिलांचं बीपी सकाळी उठल्यावर गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पाच मिनिटं शांत बसून, वहीत लिहा, शेजारी खोलीचं तापमान लिहा. चालू गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं, डोससकट, आणि पायाला सूज येते का, उशा किती लागतात झोपताना, एवढं मला इथे कळवा. त्यांच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी लिहून देतो.